‘बाबा, हा कसला वीर?’

पत्राचा गोषवारा : पत्र एका वडिलांचं आहे, ओळख पटेल असे तपशील काढून देते आहे. पंधरा वर्षांची मुलगी आणि ते गेलं वर्षभर रात्री अर्धा तास एकत्र वाचत होते. आधी महाभारतातली काही पर्वं वाचून झाली, मग त्यांनी ट्रॉयच्या युद्धावरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य ‘इलियड’ घेतलं. बाविसाव्या सर्गात ग्रीकांचा वीर अकिलीस ट्रॉयच्या हेक्टरला मारतो, त्याच्या घोट्यांना भोकं पाडून त्यांतून वाद्या ओवतो आणि प्रेत रथाला बांधून फरफटत नेतो. तिथे मुलीनं पुस्तक मिटलं. “बाबा, हा कसला वीर?” वडील म्हणाले, “त्या काळात तसंच असायचं.” त्यावर ती म्हणाली, “मग भर सभेत द्रौपदीबद्दल कर्ण जे बोलला, तेही त्या काळात तसंच असायचं म्हणून सोडून द्यायचं का? तुला कर्ण आवडतच नाही, बाबा. त्याच्यावर झालेला अन्याय आवडतो.” वडिलांना हे फार लागलं. लहानपणापासून कर्ण हा त्यांचा आधार. नोकरीत डावललं गेलं तेव्हा त्यांनी कर्णाकडे बघूनच दिवस काढले. त्या रात्रीपासून दोघांचं वाचन बंद आहे. ते विचारतात : महाकाव्यातला खरा नायक कोण, हे ठरवायचं तरी कसं? असे प्रसंग मी गाळायला हवे होते का? आणि आता तिला परत वाचनाकडे कसं आणू?

तुमच्या मुलीनं पुस्तक मिटलं ते अगदी योग्य जागी मिटलं, हे आधी सांगते. तिथे खुद्द ‘इलियड’ही अडखळतं. घोट्यांचं वर्णन सुरू करण्याआधी कवी त्या कृत्याला न शोभणारं म्हणतो. पुढे चोविसाव्या सर्गात अपोलो सगळ्या देवांसमोर बोलतो : या माणसात दया उरलेली नाही, लाजही नाही, तो मुक्या मातीची विटंबना करतो आहे. तुमच्या मुलीचा आक्षेप त्या काव्यातच नोंदलेला आहे, तोही एका देवाच्या तोंडून.

म्हणून ‘त्या काळात तसंच असायचं’ हे तुमचं उत्तर मला पटलं नाही. सहाव्या सर्गाकडे परत जा. हेक्टरची बायको अँड्रोमाकी तिथे नवऱ्याला सांगते की माझ्या वडिलांना आणि सातही भावांना अकिलीसनंच मारलं. पण वडिलांना मारल्यावर त्यानं त्यांचं चिलखत काढून घेतलं नाही. त्याचं मनच धजलं नाही. चिलखतासकट त्यांचं दहन केलं आणि वर मातीचा उंचवटा रचला. अँड्रोमाकीला हे बोलायला लावून कवी आपल्याला एक माप देऊन ठेवतो. शत्रूच्या देहाशी कसं वागायचं हे अकिलीसला ठाऊक होतं आणि तो तसा वागलाही होता. हेक्टरच्या वेळी काळ तोच आहे, माणूसही तोच आहे. मधे फक्त त्याचा जिवलग पॅट्रोक्लस मेला आहे. त्यामुळे बाविसाव्या सर्गात आपण जे बघतो ते जुन्या काळाचं क्रौर्य नसतं. एक माणूस स्वतःच्याच मापातून खाली घसरताना आपण बघत असतो. तुमच्या मुलीला ते दिसलं. वर्षभराच्या वाचनातून तिनं काय कमावलं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

तुमच्या पत्राच्या तळाशी एक समजूत आहे, तिच्याकडे जरा बघू या. नायक म्हणजे ज्याचं अनुकरण करावं असा माणूस, असं तुम्ही धरून चालला आहात. शाळेच्या पाठ्यपुस्तकांनी आणि सिनेमानं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हे पक्कं बसवलं आहे. जुने शब्द मात्र वेगळं बोलतात. ‘नायक’ हा ‘नी’ धातूपासून आला, म्हणजे नेणारा. कुठे नेणारा, ते त्या शब्दात नाही. ‘वीर’ या शब्दाचं लॅटिनमधलं भावंड ‘विर’ आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘पुरुष’ एवढाच आहे. आणि ‘हीरो’ हा मूळ ग्रीक शब्द मेलेल्या माणसांसाठीसुद्धा होता. ज्यांच्या थडग्यापाशी लोक बळी देत आणि ज्यांचा कोप होऊ नये म्हणून जपत, ते हीरो. पॉसेनिअस या ग्रीक प्रवाशानं क्लिओमिडीस नावाच्या मुष्टियोद्ध्याची हकिकत लिहून ठेवली आहे. सामन्यात प्रतिस्पर्धी मेला, बक्षीस गेलं, त्या दुःखात याचं डोकं फिरलं. गावी परतल्यावर त्यानं शाळेचा खांब उपटला आणि छप्पर साठेक मुलांच्या अंगावर कोसळलं. लोक दगड घेऊन मागे लागले तेव्हा तो देवळातल्या पेटीत शिरला. पेटी फोडली तर आत कोणीच नाही. डेल्फीच्या देवळात कौल लावला, तर उत्तर आलं की हा शेवटचा हीरो, याची पूजा करा. अंगावर काटा येतो. पण हीरो या शब्दात चांगुलपणा गृहीत नव्हता, हे इतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्या गोष्टीत दिसत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न थेट स्वर्गात विचारला गेला आहे. स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिर वर पोचतो तर समोर दुर्योधन, तेजानं झळकत आसनावर बसलेला. युधिष्ठिर संतापून तोंड फिरवतो. याच्यासोबत मला राहायचं नाही, माझे भाऊ जिथे असतील तिथे मला न्या, म्हणतो. नारद समजावतात की यानं क्षत्रियाच्या धर्माप्रमाणे रणात देह ठेवला, म्हणून याला वीरांचा लोक मिळाला. युधिष्ठिराचं समाधान काही होत नाही. तुमची मुलगी नेमकी त्याच्या शेजारी उभी आहे. तिला हे जरूर सांगा.

मग महाकाव्याच्या नायकात असतं तरी काय? दंडीनं ‘काव्यादर्शा’त महाकाव्याचं लक्षण सांगताना नायक चतुर आणि उदात्त असावा म्हटलं. पण ती नंतरच्या शास्त्रकारांची चौकट, आणि मूळ काव्यं तिच्यात नीट मावत नाहीत. मला त्याहून रामायणाचं पहिलं पान जवळचं वाटतं, कारण तिथे उत्तराआधी प्रश्न आहे. वाल्मीकी नारदांना विचारतात, आज या जगात गुणवान कोण, वीर्यवान कोण, धर्म जाणणारा, केलेलं स्मरणारा, खरं बोलणारा कोण? आणि मग एका श्लोकात दोन गोष्टी शेजारी येतात : ‘जितक्रोध’, ज्यानं राग जिंकला आहे असा कोण, आणि युद्धात रागावला तर ज्याला देवही भितात असा कोण? मी हा श्लोक कितीदा तरी वाचला, पण त्यातली ओढाताण फार उशिरा ध्यानात आली. वाल्मीकींना थंड रक्ताचा सज्जन नको आहे. ज्याच्या रागानं देव हादरतील आणि तरी ज्याचा राग त्याच्या मुठीत असेल, असा माणूस ते शोधताहेत. ‘इलियड’चा पहिला शब्द ‘क्रोध’ आहे, तोही अकिलीसचा. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन परंपरा एकाच काळजीपाशी येऊन उभ्या राहिल्या : अफाट ताकद एका माणसाच्या हाती आली तर तिचं करायचं काय?

माझं मत सांगते, ते एकमेव आहे असा दावा नाही. प्राचीन महाकाव्यातला नायक म्हणजे ज्याची ताकद सगळ्यांहून मोठी आहे आणि ज्याच्यापुढे एक दिवस असं काहीतरी येऊन ठाकतं की तिथे ती ताकद कामाची नसते. त्या जागी तो काय करतो हे बघण्यासाठी सगळं काव्य रचलेलं असतं.

गिल्गामेश घ्या. मेसोपोटेमियातली ही कथा, मातीच्या बारा पाट्यांवर लिहिलेली. उरुकचा हा राजा दोन तृतीयांश देव आणि एक तृतीयांश माणूस. सुरुवातीला तर तो प्रजेला छळणाराच आहे, लोक देवांकडे गाऱ्हाणं घालतात. मग त्याला एन्किडू हा मित्र मिळतो आणि पुढे तो मित्र मरतो. गिल्गामेश सहा दिवस आणि सात रात्री प्रेतापाशी बसून राहतो, पुरू देत नाही. प्रेताच्या नाकातून अळी पडते तेव्हा कुठे त्याला कळतं की हे आता परत येणार नाही. मग अमरत्व शोधत तो जगाच्या टोकापर्यंत जातो. तिथे त्याला सहा दिवस सात रात्री नुसतं जागं राहायला सांगतात. तेवढंही जमत नाही, बसल्या बसल्या झोप लागते. पुन्हा तरुण करणारी वनस्पती मिळते, ती आंघोळीच्या वेळी साप घेऊन जातो. रिकाम्या हातानं परत येऊन तो आपल्या शहराच्या तटाकडे बोट दाखवतो : बघा, हे बांधकाम बघा. माझा धाकटा भाऊ गेला त्यानंतर मी हे वाचलं. त्या अळीच्या ओळीपाशी मला जो दिलासा मिळाला तो भेटायला आलेल्या कुणाच्या शब्दांत मिळाला नव्हता. गिल्गामेश चांगला माणूस होता का, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनाला शिवलाही नाही.

अर्जुनाचंही तसंच. मौसलपर्वात द्वारकेच्या बायकामुलांना घेऊन तो निघतो, वाटेत आभीर हल्ला करतात. गांडीव कसंबसं ओढलं जातं, अस्त्रं आठवत नाहीत, भाते रिते होतात आणि डोळ्यांदेखत बायका पळवल्या जातात. कुरुक्षेत्र गाजवलेल्या हातांचं हे होतं, आणि महाभारत ते झाकत नाही.

आता अकिलीसकडे परत येते, कारण तुम्ही दोघं अर्ध्या वाटेवर थांबला आहात. चोविसाव्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत येतो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी आपली मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. तुझ्या बापाला आठव, म्हणतो. दोघंही रडतात, एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. हा भाग पुष्कळांना माहीत असतो. मला त्यानंतरच्या चार-पाच ओळी दाखवायच्या आहेत. अकिलीस दासींना सांगतो की हेक्टरचं प्रेत धुवा, पण आडोशाला नेऊन, म्हाताऱ्याला दिसणार नाही असं. कारण? पोराला बघून बापाचा राग उसळला, तर माझाही उसळेल आणि मी त्याला मारून टाकेन. त्याचा राग गेलेला नाही. तो तिथेच आहे हे त्याला कळतं आणि तो त्याच्या वाटेतून आधीच बाजूला होतो. मग स्वतः उचलून प्रेत तिरडीवर ठेवतो आणि विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत? तेवढे दिवस युद्ध थांबवतो. मला वाल्मीकींचा ‘जितक्रोध’ या तंबूत दिसतो, अर्धामुर्धा आणि एका रात्रीपुरता. यानं फरफट पुसली जात नाही. मुलीनं यानंतरही अकिलीसला नाकारलं तर तो तिचा हक्क आहे. पण निकाल देण्याआधी तिनं हा सर्ग वाचलेला असावा.

हाच गज सगळीकडे चालेल असं मात्र समजू नका. ‘ओडिसी’ या दुसऱ्या ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस वेगळा आहे. कॅलिप्सो ही देवता त्याला अमर करायला तयार असते आणि तो म्हातारी होणाऱ्या बायकोकडे, खडकाळ बेटावर परत जायचं निवडतो. त्याचं मोठेपण सहन करण्यात आणि अक्कलहुशारीत आहे. (पुढे ‘ओडिसी’ घ्याल तर आधीच सांगून ठेवते : तिथेही बाविसाव्याच सर्गात बारा दासींना फासावर लटकवलं जातं. मुलगी पुन्हा पुस्तक मिटेल. मिटू द्या.) रामाची गोष्ट आणखी अवघड. तिथे कवीला खरोखरच आदर्श उभा करायचा आहे, आणि तरीही बाण लागून पडलेला वाली सबंध सर्गभर रामाला जाब विचारतो : मी दुसऱ्याशी लढत असताना तू लपून मारलंस, यात काय मिळवलंस? राम पुढच्या सर्गात उत्तर देतो. त्या उत्तरानं सगळ्यांचं समाधान झालेलं नाही. पण वाल्मीकींनी वालीला बोलू दिलं, याचं मोल मला फार वाटतं.

आता कर्ण. इथे मला जपून बोलायला हवं, कारण तुमची जखम इथे आहे.

मराठी कादंबरीनं आणि रंगभूमीनं कर्णाला आपल्या घरातला केला आणि त्यात काही वाईट झालं असं मी म्हणणार नाही. डावललेल्या माणसाला एक चेहरा मिळाला. तुम्हालाही मिळाला. पण आपल्या मनातल्या कर्णात बरंच काही नंतर आलेलं आहे. स्वयंवरात द्रौपदीनं ‘मी सूताला वरणार नाही’ म्हणून त्याचा अपमान केला, हे आपण धरून चालतो आणि सभेतल्या त्याच्या बोलण्याला तेच कारण लावतो. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या मूळ पाठात ते वाक्य घेतलेलं नाही. सभापर्वातलं बोलणं मात्र आहे. विकर्ण, कौरवांचाच भाऊ, द्रौपदीच्या बाजूनं उभा राहतो. त्याला गप्प करणारा कर्ण आहे. द्रौपदीला ‘बंधकी’, म्हणजे कुलटा, म्हणणारा कर्ण आहे. तिची वस्त्रं काढून घ्या असं सांगणाराही तोच आहे. त्याच्यावर अन्याय झाला हे खरं आहे, आणि त्याच सभेत त्यानं अन्याय केला हेही तितकंच खरं आहे. दोन्ही एकाच माणसात मावतात. अन्याय सोसला म्हणून केलेला अन्याय फिटत नाही. तुमच्या मुलीला एवढंच म्हणायचं होतं, असं मला वाटतं.

तिच्या बोलण्यानं कर्ण तुमच्याकडून हिरावला गेला, असं तुम्ही लिहिलं आहे. मला उलट वाटतं. उद्योगपर्वात कृष्ण त्याला रथात घेतो, तू कुंतीचा मुलगा, राज्य तुझं, असं सांगतो. हस्तिनापूरचं सिंहासन समोर आहे. कर्ण काय म्हणतो? राधेला मला पाहून पान्हा फुटला, तिनं माझं मलमूत्र काढलं, तिला मी कसा विसरू? आपली बाजू हरणार हे त्याला ठाऊक आहे, ते तो स्वतः बोलून दाखवतो. तरी जात नाही. आणि हे गुपित युधिष्ठिराला सांगू नकोस, म्हणतो, कारण कळलं तर तो राज्य घेणार नाही. माझ्या लेखी कर्ण इथे नायक होतो. अन्यायाचं भांडवल करायची सगळी सोय हातात आली असताना तो ती वापरत नाही. आजवर कर्णाकडून तुम्ही काय घेत होता, त्याचं दुःख की हा नकार, हे एकदा शांतपणे तपासून बघा. नोकरीत डावललं गेल्याचं मुलीला कधी सांगितलं आहे का? पत्रावरून वाटलं, नसावं. सांगा. सल्ला म्हणून नको, नुसतं घडलं तसं. म्हणजे कर्णावरून झालेल्या भांडणात बाबाचं काय गुंतलं होतं, हे तिला कळेल.

गाळण्याबद्दल तुम्ही विचारलं आहे आणि हा प्रश्न पुष्कळ आईबाप आणि शिक्षक विचारतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला घोट्यांचा प्रसंग सांगायची गरज नाही. तेव्हा गाळावं. पण बदलू मात्र नये. अकिलीसनं हेक्टरला मारलं एवढंच सांगून थांबलं तर चालतं. त्यानं शत्रूचा मान राखला असं सांगितलं, तर मूल मोठं होऊन मूळ वाचील तेव्हा काव्यावरचा नाही, तुमच्यावरचा विश्वास जाईल. पंधराव्या वर्षी तर गाळूही नये.

वाचायला बसाल तेव्हा ‘हा चांगला की वाईट’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवून बघा. त्याऐवजी, याच्या मोठेपणाची किंमत कोणी मोजली, असं विचारा. मग ‘इलियड’मधली बंदिवान ब्रिसीस दिसेल. तिच्यावरून दोन सेनापतींमध्ये भांडण पेटलं, आणि तिचं स्वतःचं बोलणं थेट एकोणिसाव्या सर्गात येतं. तिच्या मागे बाकीच्या बंदिवान बायका रडतात, वरवर पॅट्रोक्लससाठी आणि खरं तर आपापल्या दुःखासाठी. प्रत्येक महाकाव्यात नायकाला तोंडावर सुनावणारं कोणीतरी असतं. अशी माणसं शोधणं मुलांना फार आवडतं, विकर्ण आणि वाली तर तुमच्याकडे आहेतच. आणि ‘मलाही हे पटत नाही’ एवढं म्हणायला घाबरू नका. बचावाचं वकीलपत्र कोणी तुमच्याकडे दिलेलं नाही.

तिला परत कसं आणायचं? बोलावू नका. एखाद्या रात्री नेहमीच्या वेळी चोविसावा सर्ग उघडून तुम्हीच बसा, मोठ्यानं वाचा. ती आली तर ठीक, दारात उभी राहिली तरी ठीक. आलीच नाही, तर सकाळी एवढंच सांगा की तू म्हणालीस तेच अपोलो म्हणतो, पान अमुक. बाकी काही नको.

आणि कर्णाकडे परत जायची वेळ येईल तेव्हा उद्योगपर्वातला त्या रथातला संवाद काढा. त्यात कर्ण कृष्णाला एक गोष्ट सांगतो : दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडू बोललो, त्या कृत्यानं आज मला जाळ होतो आहे. तो श्लोक तुम्ही वाचू नका. तिला वाचू द्या.